घाईच्या खुणा

जुनी पट्टी सोडवणं हे नवी बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. नवी बांधायला जी सफाई लागते ती सरावाने येते. जुनी चार-पाच दिवसांची असते. पस आणि रक्त वाळून गॉज कडक झालेला असतो आणि त्याच्या जाळीतून खालचं कोवळं मांस वर आलेलं असतं. ओढली की तेही निघून येतं, आणि शरीराने इतके दिवस राबून जे काही जमवलं ते एका झटक्यात कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं. म्हणून सलाइनची बाटली उलटी धरायची, पट्टी चिंब भिजवायची आणि थांबायचं. कधी पाच मिनिटं, कधी वीस. कडेने गॉज आपसूक सुटू लागला की मगच चिमटा लावायचा.

थांबायचं, हे लिहायला सोपं आहे. समोरच्या माणसाच्या नाकातून पाणी गळत असतं, जांभयांवर जांभया येत असतात, अंगावर काटा उभा असतो, पाय एका जागी ठरत नाहीत. त्याचा सकाळचा डोस चुकलेला असतो. त्यांच्या भाषेत सांगायचं तर टर्की चढायला लागलेली असते. "सिस्टर, खेचून काढा ना एकदाची," तो म्हणतो. दुखण्याची त्याला पर्वा नसते, वेळेची असते. मी त्याच्याशी वाद घालत नाही. गाव कुठलं, जेवलास का, काल रात्री पाऊस कुठे काढलास, असं काहीबाही विचारत बाटली दाबत राहते. गप्पांचा खरा उपयोग जखम भिजायला वेळ मिळावा हाच असतो. त्याला तो कळतो आणि तरीही तो बोलतो.

मी नर्स आहे. ड्रेसिंग सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात शिकले आणि आता मुंबईत हार्बर लाइनच्या एका स्टेशनाजवळ, सुईने नशा करणाऱ्यांसाठी चालवलेल्या केंद्रात काम करते. एक मोठी खोली, एक मोरी, चहाचा थर्मास, कॅरमबोर्ड. वापरलेली सुई देऊन नवी घेता येते, ज्यांचं नाव नोंदलेलं आहे त्यांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते, आणि कोपऱ्यात पडद्यामागे माझं टेबल आहे. नातेवाईक विचारतात, तिथे काय काम असतं? मी सांगते, गळवं आणि जखमा. पुढे सहसा कुणी विचारत नाही.

अशा माणसाचा हात वाचता येतो. कोपराच्या आतल्या बाजूने मनगटाकडे शिरेच्या वाटेने उतरलेली काळपट, किंचित उंच रेघ दिसली की समजायचं, शीर आतून पुन्हा पुन्हा सुजून बंद पडली आहे. शीर गेली तरी तिचा रंग कातडीवर राहतो. काहींच्या रेघेत निळेकाळे ठिपके असतात. सुई शुद्ध करायची म्हणून लायटरवर धरलेली असते, तिची काजळी कातडीत उतरते आणि गोंदल्यासारखी कायमची बसते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात आधी जातो. दोन्ही हात सारखेच भरलेले दिसले तर याने डाव्या हाताने टोचायलाही शिकून घेतलंय, म्हणजे बरीच वर्षं झाली. मग पंजाच्या मागच्या शिरा, पावलं, पिंढऱ्या, आणि सगळ्यात शेवटी जांघ. शीर सापडेनाशी झाली की काही जण सरळ कातडीखाली औषध सोडतात. त्याच्या खुणा वेगळ्या असतात: नाण्याएवढे गोल, खोलगट वण, मधे फिके आणि कडेला काळे. मांडीवर, दंडावर, पोटावरसुद्धा.

सुजलेले पंजे बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. बोटं जाड, पंजाची पाठ फुगीर, दाबली तर खड्डा पडत नाही. शिरांबरोबर लसिकावाहिन्याही बुजतात, मग द्रव परत फिरायला वाट उरत नाही. 1965 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ही खूण व्यसनाची म्हणून नोंदली गेली. वाईट हे की नशा सुटून दहा वर्षं झाली तरी ही सूज जात नाही. आमच्याकडे एक जण आता कुरिअरचं काम करतो. स्वच्छ आहे, बायको-मुलं आहेत, पण पार्सलाची सही घेताना लोक आधी त्याच्या हातांकडे बघतात. तो आता पावसाळा असो की उन्हाळा, हातमोजे घालतो आणि विचारलं की सांगतो, बाइकमुळे.

जांघेतली सूज ही माझ्या कामातली सगळ्यात भीतीची गोष्ट. तिथे मोठी शीर आणि मोठी धमनी शेजारी शेजारी असतात, आणि अंदाजाने घातलेली सुई कधी ना कधी धमनीला लागते. धमनीची भिंत फाटते, रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात पोकळी करतं आणि तिथेच साचून राहतं. वरून बघितलं तर गळूच: लाल, गरम, ठणकणारं, वर पातळ झालेली कातडी. गळूला चीर द्यावी तशी इथे चीर दिली तर माणूस टेबलावरच रक्त जाऊन मरू शकतो. म्हणून जांघेतल्या कुठल्याही गाठीवर आधी चार बोटं सपाट ठेवायची, दाबायची नाहीत, आणि डोळे मिटले तरी चालतील पण लक्ष बोटांत ठेवायचं. हृदयाच्या ठोक्याबरोबर बोटं वर उचलली जातात का? नुसती हलत नाहीत, उचलली जातात आणि बाजूला फाकतातसुद्धा का? तशी फाकली तर हात काढून घ्यायचा, पेशंटला आडवं ठेवायचं, डॉक्टरांना फोन, रुग्णवाहिका. ठोका लागला नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही; पोकळीत गुठळी भरली असेल तर ठोका दबून जातो. जांघेतली गाठ केंद्रात फोडायची नाही, हा आमच्याकडचा कायदाच आहे, आणि माझ्या मते तो कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. लिहिलेला आहेच.

बोटांवरच विसंबावं लागतं याचं आणखी एक कारण आहे. पुस्तकांत सेल्युलायटिसची, म्हणजे कातडीखाली पसरणाऱ्या संसर्गाची, खूण म्हणून लालसर कातडीचे फोटो असतात, आणि ती कातडी गोऱ्या माणसाची असते. आपल्याकडच्या सावळ्या, उन्हात रापलेल्या, महिनाभर न धुतलेल्या पायावर लाली दिसत नाही. दिसतो तो एक चकाकणारा, ताणलेला, जांभळट काळेपणा, आणि तोही खिडकीजवळ नेलं तर. मी हाताची पाठ लावून दोन्ही पाय आलटून पालटून तपासते. एकाचा गरमपणा दुसऱ्याशी ताडून बघते. मग पेन घेऊन कडकपणाची हद्द कातडीवर आखते. दुसऱ्या दिवशी सूज रेघेबाहेर गेली असेल तर तोंडातून घेण्याच्या गोळ्यांवर भागणार नाही. पेशंटला ही रेघ आवडते. "बॉर्डर क्रॉस नाही झाली ना सिस्टर?" असं येता येताच विचारतात.

एकदा एक गृहस्थ आले, चांगली इस्त्रीची पँट, खिशाला पेन. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होते. केंद्रातल्या बाकीच्या मुलांशी ते बोलत नव्हते आणि मुलंही त्यांना साहेब म्हणत होती. पडद्यामागे पँट उतरवायला त्यांनी फार वेळ घेतला. दोन्ही मांड्यांची पुढची बाजू काळी पडलेली, ताठ, आणि हाताला लाकूड लागावं तशी. कातडी चिमटीत धरायला गेलं तर उचलली जात नव्हती, खालच्या स्नायूला चिकटून एकजीव झाली होती. मधे दोन खोल, कडा तुटलेल्या जखमा, तळाशी पिवळं मेलेलं मांस. गुडघा पुरता वाकत नव्हता, त्यामुळे ते खुर्चीवर बसताना एक पाय पुढे सरळ ठेवत होते आणि तो मुद्दाम ठेवल्याचा आव आणत होते.

हे पेंटाझोसिनचं काम. वेदनेवरचं जुनं, साधं, स्वस्त इंजेक्शन. मूतखड्याच्या कळेवर, ऑपरेशननंतर ते वर्षानुवर्षं दिलं गेलंय, आणि ज्यांच्या हाताशी औषधाचं कपाट असतं त्यांच्यात त्याचं व्यसन जास्त दिसतं. औषध आम्लधर्मी असतं. स्नायूत गेल्यावर तिथल्या वातावरणात त्याचे कण साखळतात, असं मानलं जातं. पुन्हा पुन्हा तिथेच दिलं की स्नायूचे तंतू मरतात आणि त्यांच्या जागी तंतुमय, चिवट ऊती भरत जाते, कधी तिच्यात चुनाही साचतो. मग सुईच आत जात नाही, आणि माणूस शेजारची जागा शोधतो. आमच्या या साहेबांनी मांड्या संपवून दंड सुरू केले होते. त्यांना औषधाचं शास्त्र माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कुठली जागा, किती खोल, कुठला कोन, सगळं बरोबर सांगितलं. मी विचारलं, मग जागा का बदलली नाहीत? ते म्हणाले, "अहो सिस्टर, रात्री दोन वाजता कोण जागा बदलतं? जिथे हात जाईल तिथे."

त्यांच्या या वाक्यात माझ्या कामातली निम्मी कारणमीमांसा आली. लोकांना वाटतं की हे व्रण नशेच्या द्रव्याने होतात. काही अंशी होतातच. ब्राउन शुगरमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गोळ्या किंवा कॅप्सूल कुटून टोचली तर तिच्यातला टाल्क, स्टार्च शिरेत आणि फुप्फुसात अडकून बसतो. ईशान्येत, मिझोराम-नागालँडकडे, स्पाझ्मो-प्रॉक्सिव्हॉनच्या कॅप्सूलमधली पूड विरघळवून टोचायची लाट आली होती. त्यातून झालेल्या गळवांनी कित्येकांचे हातपाय कापावे लागले. तिच्यातलं डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन 2013 साली बंद झालं. अमेरिकेत आता झायलाझिन नावाचं जनावरांना गुंगी आणायचं औषध फेंटानिलमध्ये मिसळलेलं असतं आणि त्याने जिथे सुई लागलीही नाही तिथेसुद्धा कातडी मरते. 2023 साली तिथल्या सरकारला हे मिश्रण देशापुढचा नवा उभा राहणारा धोका म्हणून जाहीर करावं लागलं. द्रव्याचा दोष आहेच.

पण माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक जखमांत द्रव्याइतकाच हात घाईचा असतो. पुलाखालच्या अंधारात, पोलीस येईल, कुणी बघेल, टर्की चढेल या भीतीत कातडी पुसायला वेळ नसतो. पाणी फलाटावरच्या नळाचं, ते नसेल तर कशाचंही. तीच सुई चौथ्यांदा, पाचव्यांदा. सुईचं टोक दोन-तीनदा वापरलं की वाकून त्याला बारीक आकडा येतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण प्रत्येक वेळी शीर फाडत बाहेर येतो. शीर चुकली तर औषध बाजूच्या मांसात जातं, ठणका लागतो, दोन दिवसांत गळू. शांतपणे, उजेडात, नव्या सुईने हेच होणार नाही असं मी म्हणत नाही, पण बरंच कमी होईल. सुया बदलून देण्यावर लोक रागावतात. व्यसनाला मदत करता म्हणतात. त्यांनी एक आठवडा माझ्या पडद्यामागे बसावं. एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो 2017 साली झाला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात लागू झाला, असल्या कामाला गुन्ह्याच्या कक्षेतून स्पष्टपणे बाहेर ठेवलंय. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात सुईने नशा करणारे सुमारे 8.5 लाख असल्याचा अंदाज आला. ज्या राज्यांत त्यांची संख्या जास्त आहे त्यांत महाराष्ट्र आहे. या माणसांना जखमा होणारच आहेत. प्रश्न एवढाच की त्या बांधायला कुठे जायचं हे त्यांना ठाऊक असावं की नाही.

गर्द मुंबईत आली ती ऐंशीच्या दशकात, आणि तेव्हा ती मुख्यतः पन्नीवर ओढली जायची. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं, 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते त्या काळातलं. ओढणाऱ्याची छाती जाते, कातडी वाचते. पुढे पुडी महाग झाली तसे कमी मालात भागतं म्हणून बरेच जण सुईकडे वळले. माझ्याकडे येणारे वयस्क पेशंट हा बदल अगदी हिशेबाने सांगतात, किराणा महाग झाल्याच्या सुरात.

घाईची दुसरी बाजू म्हणजे उशीर. जखम होते घाईत आणि दवाखान्यात येते उशिरा. आधी घरचे उपाय. मी जखमांतून हळद काढली आहे, टूथपेस्ट काढली आहे, कॅप्सूल फोडून दाबून भरलेली पूड काढली आहे, एकदा तर दुधाच्या पिशवीचा तुकडा चिकटपट्टीने लावलेला होता आणि खरं सांगायचं तर कल्पना अगदी वाईट नव्हती, ओलावा टिकला होता. मग किडे पडतात, वास सुटतो, सोबतचे बसू देत नाहीत, तेव्हा कुणीतरी ओढत आणतं. मोठ्या रुग्णालयात जात का नाहीत? गेलेले असतात. केसपेपरच्या रांगेत गर्दुल्ला म्हणून कुणीतरी बाजूला केलेलं असतं, नाहीतर नाक दाबून कुणीतरी दुरून पट्टी फेकलेली असते. आणि भरती झालेच तर टर्कीवर औषध न मिळाल्याने तिसऱ्या दिवशी ते निघून जातात. केसपेपरवर शिक्का पडतो, डामा. सही करून, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेला. घर कुठलं, तेवढं कुणी विचारत नाही. मी स्वतः वॉर्डात काम केलंय, तिथे एका रात्रपाळीत किती पेशंट असतात तेही मला ठाऊक आहे, म्हणून तिथल्या सिस्टरला एकटीला दोष देणं मला जमत नाही. पण ज्याला टर्कीची गोळी मिळते तो पेशंट पलंग सोडत नाही, आणि जो पलंग सोडत नाही त्याची जखम भरते. इतकं सोपं शास्त्र फार थोड्या ठिकाणी वापरलं जातं.

केंद्रात मला त्याचा फायदा मिळतो. जिभेखालची गोळी घ्यायला माणूस रोज येतो. रोज येतो म्हणजे रोज पट्टी बदलता येते. पहिला आठवडा जखम आणखी भयंकर दिसते, कारण मेलेलं मांस सुटत असतं. आमच्या पिढीला शिकवलं होतं की हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस आला पाहिजे. नाहीतर युसॉल, पहिल्या महायुद्धाच्या वेळी एडिंबरोत तयार झालेलं चुन्याचं द्रावण. फेस बघून डॉक्टर, पेशंट, सिस्टर सगळ्यांचं समाधान होतं. पण जे जंतूंना मारतं ते नव्या पेशींनाही मारतं. आता मी बहुतेक वेळा साधं सलाइन वापरते, भरपूर, वीस मिलीच्या सिरिंजमधून थोड्या जोराने. पिवळं, चिकट, तारेसारखं ताणलं जाणारं ते काढायचं, पण एका दिवसात सगळं नाही. ज्या धाग्याला रक्त येतं तो अजून जिवंत आहे, तो सोडायचा. मग एके दिवशी तळाशी लाल, ओलसर, बारीक दाणेदार मांस दिसायला लागतं. त्याला सहज रक्त येतं, पण दुखत नाही, कारण त्यात अजून मज्जातंतू आलेले नसतात. पेशंट घाबरतो, लाल बघून. मी त्याला आरसा देते आणि सांगते, हे चांगलं आहे.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रक्त तपासायचं असेल तर मी पेशंटलाच विचारते, कुठून घेऊ? त्याच्या अंगावरची चालू शीर त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. प्रयोगशाळेतले काही तंत्रज्ञ हे अपमानाचं समजतात, आपल्या हाताने पाच ठिकाणी टोचतात आणि मग म्हणतात, याला शीरच नाही. पेशंट मात्र अंगठ्याच्या बुंध्याशी एक धागा दाखवतो, "ही मी ठेवली आहे, दवाखान्यासाठी." हे मी एकाहून अधिक जणांकडून ऐकलंय. सगळं शरीर उधळलं पण एक शीर राखून ठेवली, दवाखान्यासाठी.

जखम भरली म्हणजे कातडी पूर्ववत झाली असं नाही. जखम भरते तीही घाईनेच. शरीर आधी कच्च्या प्रतीचं कोलॅजन टाकून भोक बुजवतं आणि मग महिनोन्‌महिने ते बदलत, ओढत, आवळत बसतं. तरीही वण मूळ कातडीच्या फार तर 80 टक्के ताकदीचा होतो. त्याला घाम येत नाही, केस येत नाहीत, उन्हात तो लवकर भाजतो आणि सांध्यावर असला तर सांधा ओढून धरतो. म्हणून पट्टी सुटल्यावरही मी त्यांना बोलावते, खोबरेल तेल लावून वण गोल गोल चोळायला आणि बोटं, कोपर, गुडघा हलवायला शिकवते. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. आणि ज्यांच्या जखमा वर्षानुवर्षं पिकत राहिल्या त्यांची लघवी मी पट्टी बुडवून तपासते, कारण सततच्या जळजळीतून अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साठतं. लघवीला फेस, पायांना सूज. बाहेर मांडीवरचे वण सुकलेले असतात आणि आत मूत्रपिंड गेलेलं असतं.

सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपाय सांगितले आहेत. वॉर्डातल्या एका वयस्क वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, जे आधी आयुर्वेद शिकलेले होते, मला ते समजावून सांगितले होते. चीर देणं, धुणं, धुरी, लेप, टाके असं सगळं त्यात आहे, पण मला नवल वाटलं ते काही वेगळ्याच उपायांचं. कृष्णकर्म: पांढरा पडलेला वण काळा करणं. पांडुकर्म: काळा पडलेला वण उजळ करणं. आणि वणावर पुन्हा केस उगवतील असा उपाय. म्हणजे जखम बरी झाली एवढ्यावर वैद्याचं काम संपत नव्हतं. आजूबाजूच्या कातडीत ती मिसळून जावी, ओळखू येऊ नये, हेही त्याचंच काम. ते लेप किती गुणकारी होते हे मी सांगू शकत नाही, पण ही अपेक्षा मला पटते. माझ्या पेशंटांना वण दुखतो म्हणून त्रास होत नाही, तो दिसतो म्हणून होतो. लोकलमध्ये वरची कडी धरली की बाही खाली घसरते. नाक्यावर पोलीस आधी "हात दाखव" म्हणतो. वॉचमनच्या नोकरीला गेलं तर सुपरवायझर तेच म्हणतो. मे महिन्यात पूर्ण बाहीचा शर्ट घातलेला माणूस दिसला की मी त्याचं मनगट बघते, सवयच लागली आहे, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

बायका केंद्रात फार थोड्या येतात आणि त्यांचे वण शोधावे लागतात. पावलावर, पिंढरीवर, साडीच्या आत. एकीने कोपरभर बांगड्या घातल्या होत्या. तिचं ड्रेसिंग करताना बांगड्या वर सरकवायची तिने मला परवानगी दिली नाही. बांगड्यांच्या मधून मधून जे जमेल ते करा म्हणाली. तसंच केलं.

काही मुलं वणांवर टॅटू काढून घेतात. मी आधी विरोध करायचे, वणाची कातडी शाई धरत नाही, पसरते, पुन्हा सुई कशाला, असं. आता करत नाही. एकाने कोपरापासून मनगटापर्यंतच्या त्या काळ्या रेघेवर वेल काढून घेतली आहे, पानं त्याच रेघेला दोन्ही बाजूंनी फुटलेली. त्याला नोकरी मिळाली. वण गोंदून नोकरी मिळत असेल तर मी कोण नाही म्हणणारी. एवढंच सांगते की गोंदवणाऱ्याकडून नवी सुई मागून घे, तुला ते मागायची सवय आहे.

धनुर्वाताची सुई मात्र सगळ्यांना द्यावी लागते आणि तिथे रोज तमाशा होतो. ज्यांनी आयुष्यभर स्वतःला टोचलं ती माणसं मी सिरिंज भरली की तोंड भिंतीकडे करतात. एक तर सहा फुटी, पेशाने हमाल. मागच्या आठवड्यात त्याने माझ्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "हळू हां ताई." मी म्हटलं, अरे, तू जांघेत घेतोस की. "ते मी देतो ना. तुम्ही देता तेव्हा भीती वाटते." डावा दंड लाकडाचा झालेला, उजव्यावर ताजं गळू. मी मांडी म्हटलं तर त्याने मान हलवली, तिथेही काही उरलेलं नाही म्हणाला. शेवटी दोघांनी मिळून डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला बोटभर मऊ जागा शोधली. टोचताना त्याने शेजारच्या बाकावरच्या मुलाला शिवी दिली, कारण तो हसत होता.